बंदुकीची सत्यप्रत

माझ्या घरात विळीपलीकडे धारदार असे काही नाही आणि दिवाळीतल्या फुलबाज्यांपलीकडे दारू नाही. तरीही माझ्या खोलीच्या तीन भिंती बंदुकांनी भरल्या आहेत. तोड्याच्या, गारगोटीच्या, टोपीच्या, मागून काडतूस भरायच्या. काडतुसे तर शेकड्यांनी. सगळी अर्थात कागदावर. जुन्या बंदुका आणि दारूगोळा यांच्या चित्रांच्या छापील प्रती जमवणे, हा माझा गेल्या तीसेक वर्षांचा छंद आहे. मूळ चित्रे नव्हेत, मूळ हत्यारे तर नव्हेतच. एखाद्या विलायती कंपनीच्या जुन्या जाहिरातफलकाची नव्याने छापलेली प्रत, एखाद्या जुन्या ग्रंथातल्या पानाचे मोठे करून काढलेले पोस्टर, असा हा सगळा नकलांचा कारभार आहे.

देहूत राहणाऱ्या माणसाने असला छंद करावा, हे पुष्कळांना खटकते. “साहेब, या गावात भिंतीवर टाळ-वीणा लावायची की बंदुका?” असे मला अनेकदा विचारले गेले आहे. प्रश्न रास्त आहे. मात्र विचारणाऱ्यांतल्या कित्येकांच्या घरची चूल देहूरोडच्या डेपोच्या किंवा खडकीच्या कारखान्याच्या पगारावर पेटलेली असते, हेही खरे. शिवाय खुद्द तुकोबांच्या गाथेत ‘पाइकीचे अभंग’ म्हणून एक प्रकरण आहे. पाईक म्हणजे पायदळाचा शिपाई. त्या अभंगांतला शिपाई गोळ्यांचा आणि बाणांचा मारा अंगावर घेतो. म्हणजे सतराव्या शतकातल्या देहूच्या वाण्याला बंदुकीची गोळी काय असते ते ठाऊक होते. आज तिच्या शेजारी राहून आपल्याला ते तितकेसे ठाऊक नाही, आणि या लेखात मला सांगायचे आहे ते त्याबद्दलच.

माझी बंदुकीशी ओळख बँकेत झाली. ज्या काळात मी नोकरी केली त्या काळात शाखेच्या दारात बारा बोअरची दुनळी घेतलेला एक निवृत्त हवालदार स्टुलावर बसलेला असे. बंदूक बँकेची, परवाना बँकेचा आणि काडतुसांची मोजदाद अधिकाऱ्याच्या माथी. ठरलेल्या दिवशी काडतुसे मोजून रजिस्टरात सही करायची. पहिल्या वेळी मी हवालदारांना विचारले, “बारा बोअर म्हणजे काय हो?” ते म्हणाले, “साहेब, एक पौंड शिसं घ्या, त्याच्या सारख्या बारा गोळ्या करा. त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसते ती बारा बोअर.” बी.कॉम.च्या तीन वर्षांत मला एखादी व्याख्या इतकी सुबक मिळाली नव्हती. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. त्यांच्या पलटणीतल्या थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसांच्या पितळी बुडावर ‘के’ आणि ‘एफ’ अशी दोन अक्षरे ठोकलेली असत. के.एफ. म्हणजे किर्की फॅक्टरी. किर्की म्हणजे आपली खडकी. आसाम असो की काश्मीर, काडतूस उलटे केले की पुण्याजवळचे एक गाव बुडाशी लिहिलेले सापडे.

पुढे एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात मला एक गुंडाळलेले पोस्टर मिळाले. लंडनच्या ईली ब्रदर्स या काडतुसे बनवणाऱ्या कंपनीच्या फलकाची ती प्रत होती. एकोणिसाव्या शतकात असे फलक बंदुकांच्या दुकानांत टांगत. लाकडी चौकटीत खरीखुरी, पण आतून निर्जीव काडतुसे वर्तुळात, चांदणीसारखी मांडलेली असत. मूळ फलक आज फार मोठ्या किमतीला जातात. माझी प्रत मी चौकटीच्या खर्चापेक्षा कमी पैशांत घेतली. तेव्हापासून हा नाद लागला.

चित्रांतून काय कळते, असे कोणी विचारील. एकच उदाहरण देतो. १८५७ च्या काडतुसांची गोष्ट आपण चौथीपासून वाचत आलो. चरबी, दात, धर्म, बंड. परंतु काडतूस दाताने का तोडायचे, हे मला १८५३ च्या एन्फील्ड रायफलीच्या काडतुसाचा उभा छेद दाखवणारे पोस्टर समोर आले तेव्हा उमगले. ते काडतूस म्हणजे कागदाची पुरचुंडी. तिच्यात एका बाजूला दारू, दुसऱ्या बाजूला गोळी. बंदूक ठासणीची, म्हणजे तोंडाकडून भरायची. एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात पुरचुंडी, मग तिचे टोक दाताने फाडून दारू नळीत ओतायची आणि गोळी गजाने खाली ठासायची. नळीला आतून आटे असल्यामुळे गोळी घट्ट बसे, ती सरकावी म्हणून कागदाला वंगण. म्हणजे चरबी कुणाच्या तरी डोक्यातून निघालेली आगळीक नव्हती, ती त्या यंत्राची गरज होती. कोणती चरबी वापरली हे शिपायाला विचारण्याची किंवा सांगण्याची गरज मात्र कोणाला वाटली नाही, आणि सारा अनर्थ त्यातून झाला. ही गोष्ट मला पुस्तकातल्या वीस पानांनी इतकी स्पष्ट कळली नव्हती.

भिंतीवरच्या टोपीच्या बंदुकीचीही अशीच कथा. चाप ओढताच फुटणाऱ्या रसायनाने बार उडवण्याचे पेटंट १८०७ साली अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या स्कॉटलंडमधल्या एका धर्मोपदेशकाने घेतले. त्याला पक्ष्यांच्या शिकारीचा शौक होता आणि गारगोटीच्या ठिणगीने पक्षी सावध होत, ही त्याची अडचण. रविवारी चर्चमध्ये प्रवचन देणाऱ्या या गृहस्थाच्या कल्पनेतून पुढे तांब्याची टोपी निघाली आणि साऱ्या जगाच्या फौजांनी ती उचलली. हे एकदा कळले, की शिवकालीन मावळ्याच्या हाती टोपीची बंदूक देणाऱ्या कॅलेंडरांकडे पाहताना हसू येते. त्या मावळ्याच्या हाती तोड्याची बंदूक हवी. जळती वात, रंजक आणि पावसाची धास्ती या सगळ्यांसकट.

माझ्या संग्रहात विल्ब्रहॅम एगर्टन याने १८८० साली प्रसिद्ध केलेल्या हिंदी शस्त्रांच्या सचित्र यादीतली काही पाने आहेत. लंडनच्या इंडिया म्युझियममधल्या हत्यारांची ती यादी. आपल्याकडची हत्यारे तिकडे कशी गेली याचा विचार करीत ती चित्रे पाहावी लागतात, पण त्यांतली मोजमापे आणि नावे आजही उपयोगी पडतात. आणि माझे सर्वांत आवडते चित्र ‘ऐन-ए-अकबरी’तले आहे. ब्लॉखमनच्या १८७३ च्या इंग्रजी भाषांतराला जोडलेल्या चित्रांपैकी ते एक. अकबराच्या बंदूकखान्यात एकाच वेळी सोळा नळ्या साफ करणारे एक यंत्र होते. जुंपलेले जनावर गोल फिरते, चाके फिरतात, नळ्या घासल्या जातात. ते मला का आवडते, ते पुढे सांगतो.

प्रश्न असा, की नकला कशाला? खरी हत्यारे का नकोत? एक उत्तर कायद्याचे आहे. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या राजवटीत शस्त्रांचा कायदा झाला आणि सामान्य हिंदी माणसाला परवान्यावाचून हत्यार बाळगणे गुन्हा ठरले. त्याच वर्षी देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच लिटनने आणला. हत्यार आणि छापखाना या दोहोंचे भय सरकारला एकाच वेळी वाटले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आणि नेमक्या त्याच १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात चित्रशाळा काढली. तिच्या शिळाछापावर मराठेशाहीतल्या पुरुषांची चित्रे छापून घरोघर जाऊ लागली. ज्या घरातून तलवार काढून घेतली त्या घरात तलवारीचे चित्र गेले. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके पकडले गेले. ते लष्कराच्या हिशेबखात्यात कारकून होते. हिशेबनिसांना कोणी भित्रे म्हटले की मी हे नाव घेतो.

आजचा कायदा १९५९ चा आहे. त्याच्या ४५ व्या कलमात एक मोकळीक आहे. जुन्या घडणीचे किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेले, आणि दुरुस्ती करूनही बार काढू शकणार नाही असे हत्यार परवान्यावाचून ठेवता येते. पण ते हत्यार तसे आहे हे ठरवणार कोण आणि पोलिसाला पटवणार कोण? शंभर वर्षांहून जुनी वस्तू असेल तर १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याकडेही पाहावे लागते. नोकरी करणाऱ्या माणसाने यात पडू नये. खरी हत्यारे डोळे भरून पाहायची तर पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे, तिथे जावे.

दुसरे उत्तर मला अधिक महत्त्वाचे वाटते, आणि ते मी बँकेत शिकलो. बँकेत तीन प्रकारचे कागद येतात. अस्सल, बनावट आणि सत्यप्रत. खोटी नोट आणि झेरॉक्सवर मारलेला ‘सत्यप्रत’ असा शिक्का, दोन्ही नकलाच. पण एक नक्कल आपण नक्कल आहोत हे लपवते आणि दुसरी ते कपाळावर लिहून येते. जुन्या शस्त्रांच्या बाजारात पहिल्या प्रकाराचा सुळसुळाट आहे. काल ओतलेली आणि चिंचेच्या पाण्यात गंजवलेली पिस्तुले ‘पेशवेकालीन’ म्हणून विकायला येतात. त्यापेक्षा तळाशी ‘अमुक फलकाची प्रत’ असे छापलेले पोस्टर कितीतरी प्रामाणिक. २०२४ च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात आली. ती अफझलखानाच्या वधाच्या वेळचीच आहेत असे खात्रीने सांगता येत नाही, हे त्या संग्रहालयाने स्वतः सांगितले. पुष्कळांना ते रुचले नाही. मला त्यात सत्यप्रतीचा धर्म दिसला. जेवढे ठाऊक तेवढेच लिहावे.

देहूकराने तर नकलेला नाक मुरडूच नये. इंद्रायणीत वह्या बुडाल्या त्या तरल्या, ही श्रद्धा आपल्या ठिकाणी आहे. पण अभंग पिढ्यानपिढ्या टिकले ते लोकांच्या मुखाने आणि लिहून घेणाऱ्यांच्या हातांनी. चाकणच्या संताजी जगनाडे या तेली समाजातल्या टाळकऱ्याच्या वह्यांवरून वि. ल. भावे यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाअखेरीस जो गाथा छापला, त्याचे नाव त्यांनी ‘तुकारामबुवांचा अस्सल गाथा’ असे ठेवले. दुसऱ्याच्या हातची प्रत, आणि नाव ‘अस्सल’! मला त्यात विसंगती दिसत नाही. प्रत कोणाच्या हातची, कुठून आली, हे सांगितले की ती अस्सलाच्या पंक्तीला बसू शकते. आमच्याच लोहमार्गावर मळवलीला रविवर्म्याचा छापखाना होता. १८९४ साली मुंबईत निघालेला हा छापखाना पुढे मळवलीला आला आणि १९७२ साली आगीत सापडला. तिथल्या दगडांवरून उठलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या नकला अशा घरांत पोचल्या, ज्या घरांतल्या माणसांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती. नकलेने केलेले हे काम मुळाला कधी साधले नसते.

आता माझ्या भिंतीवर एक जागा मोकळी का आहे, ते सांगतो. १८६९ साली मुंबई सरकारच्या पैशाने तुकारामांच्या गाथ्याचा पहिला भाग इंदुप्रकाश छापखान्यात छापून निघाला. त्याच १८६९ साली खडकीला काडतुसांचा कारखाना सुरू झाला. एका साहेबी अमदानीत, एकाच वर्षी, इंद्रायणीचा शब्द आणि मुळेची गोळी या दोन्ही गोष्टी यंत्रावर चढल्या. तो काळ कागदी काडतूस जाऊन पितळी काडतूस येण्याचा. कागदी पुरचुंडी हाताने वळता येई, पितळी काडतुसाला साचे, दाबयंत्रे आणि घंट्याच्या ठोक्यावर येणारी माणसे लागत. म्हणजे या पट्ट्यातला पहिला कारखाना कामगार मोटारीचा किंवा औषधाचा नव्हे, दारूगोळ्याचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देहूरोडला लष्करी कोठारे वाढली, १९५८ मध्ये तिथे छावणी मंडळ झाले, पुढे ऑर्डनन्स फॅक्टरी आली. ऑक्टोबर २०२१ पासून हे कारखाने म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहेत आणि तिचे मुख्यालय पुण्यात आहे. दीडशे वर्षांहून अधिक काळाचा हा इतिहास. त्याचे एकही बरे पोस्टर माझ्या पाहण्यात नाही. ईलीच्या फलकाची प्रत मला जुन्या बाजारात मिळाली, के.एफ.च्या काडतुसांची मिळाली नाही.

आमच्या लोकांना दारूगोळ्याची ओळख आहे ती एका रेषेने. रेड झोनच्या. देहूरोडच्या दारूगोळा डेपोभोवती दोन हजार यार्डांचा, म्हणजे सुमारे १८२९ मीटरचा पट्टा, १९०३ च्या संरक्षणविषयक कायद्याखाली बांधकामाला बंद. तळवडे, रुपीनगर, निगडी, किवळे, देहू या बाजूंना गुंठा-अर्धा गुंठा घेऊन घरे बांधलेल्या हजारो माणसांची झोप त्या रेषेवर टांगलेली आहे. बँकेत घरकर्जाच्या टेबलावर असताना मी त्या रेषेच्या इतक्या झेरॉक्स पाहिल्या, की त्यांचाही एक संग्रह झाला. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स. एकीत रेषा गल्लीच्या अलीकडून जाई, दुसरीत पलीकडून. कारखान्यात घाम गाळून जमवलेली पुंजी घेऊन समोर बसलेला माणूस विचारी, “साहेब, माझं घर रेषेच्या आत का बाहेर?” त्या कागदावर ना सही, ना तारीख, ना मूळ नकाशाचा क्रमांक. माझ्या साऱ्या संग्रहात सर्वांत अप्रामाणिक नक्कल कोणती, असे विचाराल तर मी त्या झेरॉक्सकडे बोट दाखवीन. बंदुकीच्या खोट्या नकलेने हौशी माणूस फसतो. या नकलेने संसार फसतात.

सुरक्षित अंतर नकोच, असे मी म्हणत नाही. दारू ही काय चीज आहे ते वेळोवेळी कळत आले आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटे वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या डेपोत आग लागून जवान, अधिकारी आणि अग्निशामक दलाची माणसे गेली. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याजवळच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतल्या स्फोटात आठ कामगार मरण पावले. आणि ८ डिसेंबर २०२३ ला आमच्या शेजारच्या तळवड्यात, वाढदिवसाच्या केकवर लावायच्या ठिणग्यांच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्यात स्फोट झाला. मेल्या त्या बहुतेक बायका. त्या ना शिपाई होत्या, ना पाईक. रोजावर जाणाऱ्या, डबा घेऊन निघालेल्या.

आता ‘ऐन-ए-अकबरी’तले ते चित्र मला का प्रिय आहे ते सांगतो. माझ्या तीन भिंतींवरच्या साऱ्या चित्रांत बंदुकीसाठी राबणारा जीव दिसतो तो त्या एकाच चित्रात, आणि तेही चाकाला जुंपलेले जनावर. बाकी सगळीकडे हत्यार एकटे असते. स्वच्छ, चकचकीत, पांढऱ्या कागदावर अधांतरी. कोणी घडवले, कोणी भरले, कोणाच्या छातीत गेले, काही नाही. शस्त्राच्या चित्रातला धोका मला इथे दिसतो. चौकाचौकांत वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात, त्यांत कमरेला पिस्तूल खोचलेले तरुण असतात, तलवारीने केक कापतात आणि मग पोलीस चौकीत माफी मागतात. त्या पोरांनी शस्त्रांची चित्रे फार पाहिली म्हणून हे घडते, असे वडीलधारे म्हणतात. मला वाटते, त्यांनी पाहिली ती चित्रे बिनमजकुराची होती. ज्याने काडतुसाचा छेद पाहिला, तळवड्याचे नाव वाचले, त्याला पिस्तुलाचा दागिना करावासा वाटणार नाही, निदान तितक्या सहज वाटणार नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे. खडकी ते देहूरोड या पट्ट्यात कुठेही, एखाद्या ग्रंथालयाच्या एका दालनात, दारूगोळ्याच्या छापील चित्रांची एक भिंत उभी राहावी. तिला शस्त्रपरवाना नको, पहारा नको, विमा नको. तोड्याच्या बंदुकीपासून के.एफ.च्या काडतुसापर्यंतची चित्रे असावीत. कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसांनी गुपिते सोडून सांगता येईल तेवढे सांगावे आणि त्यांच्या कामाचीही चित्रे असावीत. त्याच भिंतीवर रेड झोनचा नकाशा असावा. झेरॉक्स नव्हे, तर सही-शिक्क्याची, तारीख घातलेली प्रत. प्रत्येक चित्राखाली तीन ओळी मराठीत असाव्यात. हे कशाची प्रत आहे. हे कोणाच्या हातांनी घडले. आणि हे कोणावर चालले. पहिली ओळ लिहिणे सोपे, दुसरीला कष्ट पडतील, तिसरीला धैर्य लागेल. माझ्याकडच्या प्रती मी आनंदाने देईन, चौकटींसकट.

सत्यप्रतीवर सही करताना अधिकारी ‘हा कागद खरा आहे’ एवढेच म्हणत नाही. ‘मूळ मी पाहिले आहे’ असे तो म्हणतो. या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना दारूगोळ्याबाबत अशी सही करता येईल?